आईची गाडी

मित्रांनो, किल्ली फिरवली की जी नुसती खोकते आणि पुन्हा गप्प होते, ती छावणीच्या मागच्या भिंतीला टेकलेली पांढरी गाडी मी. पांढरी आपली म्हणायची. आता दारांच्या कडांना गंज चढला आहे, पुढचे एक चाक मातीत रुतले आहे आणि टपावर पाने कुजत पडली आहेत. येणारे-जाणारे मला भंगार म्हणतात. ते काही खोटे नाही. पण भंगार होण्याआधी मी जे पाहिले, ते सांगायला इथे आता दुसरे कोणी उरलेले नाही, म्हणून बोलते.

कारखान्यातून निघताना आम्ही सगळ्या बहिणी एका रांगेत उभ्या होतो. कुणाच्या नशिबी शाळेची मुले आली, कुणाच्या नशिबी कोबी-बटाटे. मला लष्कराने उचलले. मला हिरवा रंग दिला, आत स्ट्रेचर बसवले, डोक्यावर दिवा लावला आणि छावणीच्या इस्पितळात पाठवले. त्या वर्षांत माझा थाट काय वर्णावा! माझा भोंगा ऐकला की फाटकावरचा पहारेकरी धावत आडकाठी वर करायचा. तापाने फणफणलेले जवान मी नेले, पाय मोडलेले नेले, अडलेल्या बायका नेल्या. एक मूल तर इस्पितळाच्या वळणावर माझ्याच पोटात जन्मले. एकदा मोठ्या साहेबांनी माझे बॉनेट थोपटून म्हटले होते, "ही गाडी म्हणजे आपला खरा शिपाई." ते कौतुक मी पुढे कितीतरी वर्षे पुरवून पुरवून वापरले.

मग नव्या गाड्या आल्या. त्यांच्यात गारवा होता, यंत्रे होती. माझा दिवा काढला, स्ट्रेचर काढले, अंगाला पांढरा रंग फासला. आत समोरासमोर दोन बाकडी आणि मधे एक घडीचे टेबल बसवले आणि मला सैनिक कुटुंब साहाय्य केंद्राच्या दारात आणून उभे केले. नाव मोठे, लक्षण खोटे, असे पहिल्या दिवशी मला वाटले. केंद्र म्हणजे एक खोली, एक कपाट, एक कुरकुरणारा पंखा आणि तारीखमावशी.

तारीखमावशीचे खरे नाव कुणी घेत नसे. तिचा नवरा पलटणीत होता आणि तो गेल्यावर तिने हे काम धरले होते. स्वतःचा वाढदिवस विचारला तर ती डोके खाजवायची, पण कुणाच्या दाव्याची पुढची तारीख कधी आहे, हे झोपेतून उठवून विचारले तरी सांगायची. माझा चालक होता ब्रेकमामा. तो निवृत्त जवान होता. रस्त्यात कुत्र्याची सावली पडली तरी करकचून ब्रेक दाबायचा, म्हणून हे नाव. मागे बसलेल्यांची डोकी एकमेकांवर आपटली की म्हणायचा, "आपटू द्या. कोर्टात डोकंफोड करायचीच आहे, थोडी सवय झालेली बरी."

आमचे काम काय, ते सांगते. आई आणि वडील वेगळे व्हायचे ठरवतात, तेव्हा मुलाने कुणापाशी राहायचे, हे कौटुंबिक न्यायालय ठरवते. त्याला ताबा म्हणतात. शब्द कसा आहे पाहा. जमिनीचा ताबा, घराचा ताबा, आणि लेकराचाही ताबाच. ज्या घरातले कुणी सैन्यात असते, त्या घरावर ही वेळ आली की दुप्पट हाल होतात. माणूस असतो दूर कुठल्या चौकीवर, आणि दावा चालतो शहरात. मावशी म्हणायची, "आपल्या लोकांचं दुखणं एकच. तारखेला सुट्टी मिळत नाही आणि सुट्टीत तारीख मिळत नाही." अशा लोकांना मावशी कोर्टात न्यायची, वकील गाठून द्यायची, साहेबांकडून सुट्टी मागायची, बाहेर बाकावर त्यांच्याशेजारी बसून राहायची. आणि मी त्यांना नेऊन आणायची.

ब्रेकमामा पहिल्या फेरीला म्हणाला होता, "शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आपण बरे. गाडी पायरीच्या खालीच लावतो."

मी पुष्कळ घरे वाहिली. पण तुम्हाला एकाच घराची गोष्ट सांगणार आहे, कारण ती माझ्या आतच घडली.

तिला सगळे सिस्टर म्हणत. ती लष्करी इस्पितळात परिचारिका होती. उंच, हाडापेराने मजबूत आणि बोलायला मोजकी. पहिल्या दिवशी ती बाकड्याच्या अगदी टोकावर, कुणी ऊठ म्हणेल अशा बेताने बसली होती.

मावशी म्हणाली, "पहिल्यापासून सांग. काही गाळू नकोस. आणि रडायचं असेल तर इथेच रडून घे, तिथे वकिलांसमोर नको."

"रडायला अजून वेळच झाला नाही, मावशी," सिस्टर म्हणाली.

हकीकत साधी होती. तिच्या नवऱ्याचे शहरात चष्म्याचे दुकान होते. त्यांना एक मुलगी होती, बिट्टी. बिट्टी दुडुदुडु धावायला लागली होती, तेव्हा सिस्टरची बदली सीमेवरच्या इस्पितळात झाली. तिथे मुलांना न्यायची परवानगी नव्हती. घरात नवऱ्याची मोठी बहीण होती, बिट्टीची आत्या. लग्न न केलेली, घरी शिवणकाम करणारी. ती म्हणाली, "तू जा, मी आहे." सिस्टर गेली. परत आली, तेव्हा नवऱ्याने घटस्फोटाचा आणि बिट्टीच्या ताब्याचा दावा लावलेला होता.

"मारतो का? पितो का?" मावशीने विचारले.

"छे. चांगला माणूस आहे. एकटा जेवून जेवून कंटाळला. म्हणाला, मी लग्न बायकोशी केलं होतं, तिच्या बदल्यांशी नाही."

मावशीने सुस्कारा सोडला. मला पुढे कळले की नवरा वाईट असला की मावशीला हुरूप यायचा. चांगल्या माणसांच्या दाव्यांची तिला भीती वाटायची.

त्या दिवशी कोर्टाने तात्पुरता हुकूम दिला. दाव्याचा निकाल लागेपर्यंत मुलगी आहे तिथेच राहील. आईने एक आड एक शनिवारी न्यायालयाच्या आवारात, मुलांच्या खोलीत, तिला भेटावे.

परतताना सिस्टर म्हणाली, "तात्पुरतं आहे ना, मावशी? म्हणजे थोड्याच दिवसांचं."

मावशी खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "हो, तात्पुरतंच." पण सिस्टर उतरून गेल्यावर ती ब्रेकमामाला म्हणाली, "कोर्टातला तात्पुरता हा शब्द फार चिवट असतो रे. एकदा चिकटला की कातडीसकट निघतो."

पहिला शनिवार आला. सिस्टरने गणवेश नाही, साधा निळा ड्रेस घातला होता. आम्ही वेळेआधीच आवारात पोहोचलो. पाहतो तर मुलांच्या खोलीचे छत गळून खाली आलेले, खेळणी भिजलेली आणि दाराला कुलूप. शिपाई म्हणाला, "दुरुस्ती झाली की कळवू. पुढल्या वेळी या."

"पुढल्या वेळी हिला सुट्टी असेल का, ते तुम्ही सांगणार का?" मावशीने विचारले.

"बाई, मी शिपाई आहे. देव नाही."

तेवढ्यात आत्या बिट्टीला घेऊन आली. किडकिडीत बांध्याची, खांद्याला मापाची फीत अजून लटकलेली. घाईत काढायची राहिली असावी. बिट्टीने तिच्या ओढणीत तोंड खुपसले होते. मावशीने एकदा त्या कुलपाकडे पाहिले, एकदा माझ्याकडे पाहिले आणि शिपायाला म्हणाली, "हुकमात काय लिहिलंय? आवारात भेट व्हावी. ही गाडी कुठे उभी आहे? आवारात. मग झालं तर."

अशी ती भेट माझ्यात झाली. आणि पुढच्या सगळ्याच भेटी. कारण त्या खोलीची दुरुस्ती काही झाली नाही.

पहिल्या दिवशी बिट्टी आत्याला सोडेना. शेवटी आत्याही आत येऊन दाराशी बसली. सिस्टर समोरच्या बाकड्यावर. मला वाटले, आता ती धावत जाऊन लेकीला छातीशी धरेल. तिने तसे काही केले नाही. आजारी माणसांत वावरलेली ती. घाबरलेल्या जीवाला धरायला गेले की तो आणखी घाबरतो, हे तिला ठाऊक होते. माझ्या बाकड्याचे कव्हर एका जागी फाटून आतला पिवळा फोम बाहेर आला होता. तिकडे बोट दाखवून ती नुसतीच म्हणाली, "अगं बाई, या गाडीला तर केवढं लागलंय."

बिट्टीने ओढणीतून एक डोळा बाहेर काढला. "कुठे?"

सिस्टरने पिशवीतून चिकटपट्टी काढली. "पट्टी लावायला हवी. पण हिला धरायला कुणीतरी पाहिजे. ओरडली तर?"

बिट्टी उतरली. तिने आपला चिमुकला तळवा माझ्या बाकड्यावर दाबून धरला आणि म्हणाली, "ओरडू नको हं. थोडंच दुखेल." दोघींनी मिळून मला पट्टी लावली. मित्रांनो, मोठ्या साहेबांनी बॉनेट थोपटले होते, त्याहून हे मला जास्त भिडले. मग दर भेटीत बिट्टी माझ्यात नवीन जखमा शोधायची. माझ्यात त्यांना तोटा नव्हता. थोड्याच दिवसांत मी आतून पट्ट्यापट्ट्यांची झाले. ब्रेकमामा म्हणायचा, "इंजिनाचंही काहीतरी बघा, डॉक्टरीणबाई!"

त्या शनिवारांत ती मुलगी आईला ओळखायला लागली. आधी "तू", मग "ए", मग एकदा खेळता खेळता सहज "आई". सिस्टरने तेव्हा वर पाहिले नाही. चित्र रंगवत होती, तशीच रंगवत राहिली, पण तिच्या हातातला खडू मोडला. दाराशी बसलेली आत्या उठून बाहेर गेली आणि झाडाखाली पाठ करून उभी राहिली. तिला बिट्टी आत्याई म्हणायची. आत्या आणि आई, दोन्ही एकाच घासात. असे म्हणायला तिला कुणी शिकवले नव्हते.

एका शनिवारी बिट्टीने विचारले, "आई, तू झोपतेस कुठे? या बाकड्यावर की त्या?"

"इथे नाही गं झोपत मी."

"मग स्वयंपाक कुठे करतेस? या टेबलावर?"

ब्रेकमामा पुढून हसायला लागला. तेव्हा आम्हा सगळ्यांच्या लक्षात आले. कळायला लागल्यापासून बिट्टीने आईला कधी दुसरीकडे पाहिलेच नव्हते. तिला वाटत होते, आई या गाडीत राहते. शनिवारी आत्याला ती म्हणायची, "चल ना, आईच्या गाडीत जाऊ." आम्हाला ते कौतुकाचे वाटत होते.

सिस्टरही हसली. "मी इस्पितळाच्या वसतिगृहात राहते. तिथे सगळ्या नर्सबाया असतात."

"मी येऊ तिथे?"

"मुलांना नाही येऊ देत."

बिट्टीने विचार केला. "म्हणजे तुझं घर नाहीच?"

सिस्टरने तिची वेणी सोडली आणि पुन्हा घालायला घेतली. 

खरी अडचण तीच होती. वसतिगृहात मूल ठेवता येत नव्हते. कुटुंबाचे क्वार्टर हवे, तर मूल सोबत राहते असे दाखवावे लागे. आणि कोर्ट म्हणे, मुलासाठी घर कुठे आहे ते दाखवा, मग मूल मागा. मावशी या दारातून त्या दारात हेलपाटे घालत होती. ब्रेकमामा म्हणाला, "लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही. ह्यात कुणाचा दोष काढायचा?"

"दोष कुणाचाच नाही, तेच तर वाईट आहे," मावशी म्हणाली.

तरीही तिने हार मानली नाही. छावणीच्या साहेबांच्या दाराशी बसून बसून तिने त्यांच्याकडून शब्द घेतला. क्वार्टर रिकामे झाले की सिस्टरला मिळेल. वकिलाला धीर आला. शेवटच्या सुनावणीची तारीख लागली. सिस्टर पहिल्यांदा माझ्या बाकड्याला पाठ टेकून बसली. म्हणाली, "मावशी, तिला भिंतीवर चित्रं काढायला आवडतं. क्वार्टरच्या भिंतीवर काढू दिली तर साहेब रागावतील का?"

"रागावू देत. चुना मारायला मी येईन," मावशी म्हणाली.

त्याच आठवड्यात सीमेवर गडबड सुरू झाली. सगळ्या सुट्ट्या रद्द झाल्या. सिस्टरच्या नावाने हुकूम निघाला, सीमेवरच्या त्याच जुन्या इस्पितळात तातडीने हजर व्हा. तिने नोकरी सोडायचा अर्ज केला. अशा वेळी कुणालाही सोडता येत नाही, असे उत्तर आले. मावशी साहेबांकडे गेली. साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले, इतके त्यांना वाईट वाटले. म्हणाले, "मावशी, तिथे पोरांचे हातपाय तुटताहेत. नर्स कमी आहेत. मी तिला थांबवू कसा?"

जायच्या दिवशी शनिवार नव्हता, त्यामुळे बिट्टीची भेट नव्हती. मावशीने आत्याला विनंती केली, तरी दुकानातून निरोप आला की वकिलाला विचारल्याशिवाय नको. मी सिस्टरला स्टेशनवर सोडले. वाटेत ती एवढेच म्हणाली, "मामा, जरा हळू चालवा." ब्रेकमामाने आयुष्यात पहिल्यांदा कुठेही ब्रेक न मारता गाडी चालवली.

सुनावणीच्या दिवशी सिस्टरला तिथूनच व्हिडिओच्या पडद्यावरून बोलायची परवानगी मिळाली होती. आत काय झाले, ते मी पाहिले नाही. मावशी बाहेर आली, माझ्यात बसली, दार ओढून घेतले आणि ब्रेकमामाला सांगायला लागली, तेव्हा मला कळले.

"पडदा लागला. आवाज येईना. मग आवाज आला तर चेहरा दिसेना. न्यायाधीशबाईंनी दोनदा थांबून वाट पाहिली. तिसऱ्यांदा लागलं, तेव्हा मागून कुणीतरी तिला हाक मारली. जखमी आले होते. ती म्हणाली, मॅडम, मला पाच मिनिटं द्या. मॅडम थांबल्या. ती परत आलीच नाही."

"मग?"

"मग समोरचा वकील उठला. काही वाईट बोलला नाही रे. नुसतं विचारलं, ही बाई मोठ्या मनाची आहे, देशाचं काम करते, सगळं मान्य. पण मूल आजारी पडलं आणि अशीच हाक आली, तर ही कुणाकडे जाईल? आणि मग म्हणाला, या मुलीला विचारा, तुझी आई कुठे राहते? ती सांगते, गाडीत."

ब्रेकमामाने स्टिअरिंगवर हात ठेवले, पण किल्ली फिरवली नाही.

"न्यायाधीशबाईंनी बिट्टीला आपल्या खोलीत नेलं. बाहेर आल्या तेव्हा चष्मा पुसत होत्या. म्हणाल्या, मुलगी आत्यापाशी रुजली आहे. रुजलेलं रोप उपटणं मला जमणार नाही. ताबा वडिलांकडे. आईनं सुट्टीवर येईल तेव्हा भेटावं."

कुणी खोटे बोलले नव्हते, मित्रांनो. कुणी कुणाला फसवले नव्हते. तरी त्या दिवशी परतताना माझ्यात जी शांतता होती, तशी मृत माणसाला नेतानाही मी अनुभवली नव्हती.

पुढे काही महिने आत्या आपणहून बिट्टीला शनिवारी आणायची. बिट्टी माझ्या बाकड्यावर बसायची आणि मावशीच्या फोनवरून आईशी बोलायची. हुकमात तसे काही नव्हते. आत्याने ते मनाने केले. एकदा मावशी तिला म्हणाली, "तुझे उपकार आहेत बाई."

आत्या म्हणाली, "उपकार कसले? मला आई म्हण, असं मी तिला शिकवलं नाही हो. रात्रंदिवस भीती वाटते, वहिनी आली की पोर जाईल. आणि वहिनी आली नाही की पोरीकडे बघवत नाही. मी कुणाच्या बाजूनं प्रार्थना करू?"

 मावशीने आत्याचा हात धरला आणि दोघी बसून राहिल्या.

फोन कधी लागायचा, कधी नाही. लागला तर बिट्टी सांगायची, "दात पडला," "शाळेत पहिला बेंच मिळाला," आणि मग बोलायचे संपायचे. मुले लवकर वाढतात. पुढे शनिवारी तिची नाचाची शिकवणी सुरू झाली. मग तिच्या वडिलांनी दुकान दुसऱ्या गावी हलवले. एके शनिवारी आवारात आम्ही उभे राहिलो आणि कुणी आले नाही. त्यानंतरच्याही नाही. ब्रेकमामा मात्र मला तिथे नेत राहिला. मावशी म्हणायची, "आपण आलो नाही, असं कुणी म्हणायला नको."

सीमेवरची गडबड निवली. सिस्टर परत आली. केसांत पांढरे आले होते आणि एका कानाने तिला कमी ऐकू येत होते. मावशीने धावपळ करून भेट ठरवली, आणि आत्या दुसऱ्या गावाहून बिट्टीला घेऊन आली. नशिबाची थट्टा अशी की त्याच सुमाराला सिस्टरला क्वार्टरही मिळाले. दोन खोल्या, समोर अंगण. वकील म्हणाला, अपील करा, आता आपली बाजू खरी भक्कम आहे.

दार सरकले आणि बिट्टी आत आली. उंच झाली होती. दोन वेण्या, नीट इस्त्री केलेला फ्रॉक. ओढणीत तोंड लपवणारी ती पोर नव्हतीच. ती समोरच्या बाकड्यावर गुडघे जुळवून बसली, पाहुण्यांकडे बसतात तशी. तिने सिस्टरकडे पाहून हसून म्हटले, "तुम्ही कशा आहात?"

आपल्या बोलीत आईला तू म्हणतात. अहोजाहो परक्यांना, पाहुण्यांना, शाळेतल्या बाईंना. बिट्टीला कुणी तसे सांगितलेले नव्हते. ती सभ्य मुलगी होती, आणि समोर एक अनोळखी मोठी बाई बसली होती, एवढेच.

"मी बरी आहे," सिस्टर म्हणाली. "तू?"

"मी पण. मला नाचात बक्षीस मिळालं." मग तिने माझ्या भिंतींवरून नजर फिरवली. "ही गाडी मला थोडी थोडी आठवते. मी लहान असताना मला वाटायचं, तुम्ही इथेच राहता." ती खुदकन हसली. "किती वेडी होते ना मी?"

"नाही गं. वेडी नव्हतीस."

सिस्टरने तिला नाचाबद्दल विचारले, मैत्रिणींबद्दल विचारले. बिट्टीने प्रत्येक प्रश्नाचे नीट उत्तर दिले. मग तिने दाराकडे पाहिले, जिथे आत्या उभी होती, आणि हळूच विचारले, "आत्याई थांबलीये. आम्ही जाऊ का?"

"हो. जा."

ती उतरली. जाताना वळून नमस्कार करायलाही विसरली नाही.

 मग मावशी म्हणाली, "लहान आहे. महिनाभर तुझ्याजवळ राहिली की पुन्हा तू म्हणेल. अपिलाची तारीख मी घेऊन ठेवलीय."

"नको, मावशी."

"अगं, आता आपण जिंकू शकतो!"

"म्हणूनच नको. जिंकले तर काय? तिला न्यायाधीशबाईंच्या खोलीत बसवून पुन्हा विचारणार, कोण हवंय? मग आत्याच्या हातातून सोडवून माझ्या हातात देणार. माझ्याकडून नेली तेव्हा तिला निदान कळत नव्हतं. आता कळेल." ती थांबली. "जखम भरत आली असेल तर पट्टी उचकून बघायची नसते. बघणाऱ्याला बरं वाटतं, पण रोग्याला नाही."

तारीखमावशीने आयुष्यात कधी कुणाची तारीख सोडली नव्हती. ही पहिली. सिस्टरने क्वार्टरची किल्ली परत केली आणि सीमेवरच्या इस्पितळात कायमची बदली मागून घेतली. तिथे जायला कुणी तयार नसते, त्यामुळे ती लगेच मिळाली. त्यानंतर मी तिला पाहिले नाही.

मावशीही त्या दिवसापासून थकली. आणखी काही घरे तिने लढवली, काही जिंकलीही असतील, पण ती ते मला सांगेनाशी झाली. मग तिचे गुडघे गेले आणि ती लेकाकडे राहायला गेली. तिच्या जागी कुणी आले नाही. ब्रेकमामाला घरी बसवले. केंद्राच्या खोलीत आता खेळाचे सामान ठेवतात, चेंडू, जाळ्या, तंबूच्या काठ्या. बाहेरची पाटी मात्र कुणी काढली नाही; माझ्या भिंतीपासून ती दिसते. परवाच एक तरुण जवान कडेवर तान्हे मूल घेऊन ती पाटी वाचत उभा होता. सामान मोजणाऱ्या माणसाने त्याला सांगितले, "इथे आता असलं काही नसतं." जवानाने पाटी पुन्हा एकदा वाचली. ऊन फार होते. तो येऊन माझ्या सावलीत बसला, मुलाला पाणी पाजले आणि उठून फाटकाकडे चालू लागला. कोर्टाची वाट कुठून आहे, हे मला ठाऊक होते. पण मला कोण विचारणार!

मित्रांनो, माझ्यावर रंगाचा हात फिरवा, असे मी म्हणत नाही. माझे दिवस भरले. तुमच्या वर्गात कुणी असेल, ज्याची आई किंवा वडील दूर चौकीवर असतात आणि ज्याच्या घरात अशी ओढाताण चालली असेल. त्याला, तू कुणाचा, असे विचारू नका. त्याच्याशेजारी बसा, डबा खा, खेळा. मोठे झालात आणि एखाद्या खुर्चीवर बसलात, तर त्या खोलीत पुन्हा एक माणूस बसवा. तारखा लक्षात ठेवणारा. आणि कुणी वाट पाहायला लावून आलेच नाही, तर त्याला यायचेच नव्हते असे चटकन ठरवू नका. त्याला मागून कुणीतरी हाक मारली असेल.